एकल संक्रमणीय मत

एकल संक्रमणीय मत : प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची एक निर्वाचनपद्धती. हिच्यात एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडावयाचे असले, तरी मतदाराला मत एकच असते. मात्र उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीक्रमाचे आकडे मांडून, ते मत पहिल्या उमेदवाराच्या उपयोगी पडले नाही अथवा त्याच्या गरजेहून अधिक ठरले, तर पुढे कोणाकडे जावे, याचा हुकूम तो मतपत्रिकेवरच देऊन ठेवतो.

वैध मतांना जागांहून एकने अधिक अशा संख्येने भागून, भागाकाराच्या पूर्णांकात एक मिळवला म्हणजे विजयाला लागणारा कोटा निघतो. कोटा ओलांडणाऱ्याची शिल्लक मते पुढील पसंतीनुसार वाटली जातात. शिल्लक संपली, की तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढे रवाना होतात, आणि जागा भरेपर्यंत हा हिशेब चालतो. डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे याने १८५५ मध्ये आणि थोड्याच काळाने इंग्लंडात टॉमस हेअर याने ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. जॉन स्ट्युअर्ट मिल याने तिचा पुरस्कार केला. प्रचलित कोटा हेन्री ड्रूप याच्या नावाने ओळखला जातो.

या पद्धतीचा खरा कस लागला तो आयर्लंडात. १९१९ च्या जानेवारीत स्लायगो नगराच्या निवडणुकीत, अल्पसंख्याकांनाही आवाज मिळावा या हेतूने, ब्रिटिश अंमलात तिचा अवलंब झाला. १९२२ च्या राज्यघटनेने प्रमाणशीर प्रतिनिधित्व स्वीकारले आणि १९३७ च्या घटनेने तर एकल संक्रमणीय मताचा नामनिर्देशच करून, तीनहून कमी प्रतिनिधींचा मतदारसंघ असू नये, असा दंडक घातला. परिणामी एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकाच मतदारसंघात परस्परांचे प्रतिस्पर्धी होऊन उभे राहतात, आणि त्यांपैकी कोणास पाठवावे याचा निवाडा पक्षाच्या कचेरीत न होता मतदाराच्या पेन्सिलीने होतो. यामुळे आमदारकीचा बराच काळ गल्लीतल्या गाऱ्हाण्यांत जातो, हा आक्षेप खरा आहे. पण पक्षश्रेष्ठींच्या मर्जीपेक्षा गावकऱ्यांचा रोष ज्याला अधिक जाचतो, असा प्रतिनिधी लोकशाहीस अधिक जवळचा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पक्षांना मतदाराची ही सत्ता सलणे स्वाभाविक होते. १९४८ आणि १९५४ मध्ये विरोधी पक्षांनी एकत्र येऊन फियाना फॉल या सर्वांत मोठ्या पक्षाला सत्तेबाहेर ठेवले, आणि १९५७ मध्ये १४७ पैकी ७८ जागा जिंकून तो परतला, तेव्हा ज्या पद्धतीने त्याला हे निर्विवाद बहुमत दिले तीच रद्द करण्याची तजवीज पक्षाचे नेते डी व्हॅलेरा यांनी केली. १७ जून १९५९ रोजी एकाच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आणि या प्रश्नावर सार्वमत झाले. जनतेने डी व्हॅलेरांना राष्ट्राध्यक्ष केले, आणि त्यांची दुरुस्ती ५१.८ टक्के मतांनी फेटाळली. १९६८ मध्ये हाच प्रस्ताव पुन्हा आला तेव्हा नकार ६०.८ टक्क्यांवर गेला. नेत्यावर विश्वास ठेवावा, पण मतपत्रिका त्याच्या हवाली करू नये, हा विवेक मतदारांनी एकाच दिवशी दाखवावा, असे प्रसंग दुर्मीळ.

घटना बदलता आली नाही, तरी मतदारसंघांचे आकारमान कायद्याच्या हाती राहिले. तीन जागांच्या मतदारसंघात कोट्यास मतांचा चौथा हिस्सा लागतो, पाच जागांच्या ठिकाणी सहावा पुरतो; म्हणून संघ जितका लहान, तितकी मोठ्या पक्षांची सोय. १९७४ मध्ये सत्तारूढ आघाडीने आपल्या हिशेबाने मतदारसंघ आखले. १९७७ मध्ये मतांचा ओघ फिरताच तीच आखणी उलटून फियाना फॉलला १४८ पैकी ८४ जागा मिळाल्या. पुढे हे काम स्वतंत्र आयोगाकडे सोपवण्यात आले. मोजणी मात्र अद्याप हातानेच होते व कित्येकदा काही दिवस चालते. पेट्या उघडताच कठड्याला टेकलेले पक्षांचे कार्यकर्ते प्रत्येक मतपत्रिकेवरील आकडे डोळ्यांनी टिपून घेतात.

भारतात राष्ट्रपतीची व राज्यसभेची निवडणूक याच पद्धतीने होते. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर राष्ट्रपती झाले. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी पहिल्या पसंतीची ३३ मते मिळवणारे शिवसेनेचे संजय पवार, २७ मते मिळवणाऱ्या भारतीय जनता पक्षाच्या धनंजय महाडिक यांच्याकडून पराभूत झाले. कारण महाडिकांच्या पक्षाच्या दोघा उमेदवारांना प्रत्येकी ४८ मते पडली होती, आणि कोट्यावरची त्यांची शिल्लक महाडिकांच्या खाती जमा झाली. गणित तेच, परंतु राज्यसभेच्या निवडणुकीत पसंतीचा क्रम मतदार असलेला आमदार ठरवीत नाही, पक्ष वाटून देतो. २००३ पासून तर आमदाराला आकडे मांडलेली मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावी लागते, आणि २०२२ च्या त्या निवडणुकीत एका आमदाराचे मत ती दाखवण्याच्या रीतीवरूनच बाद ठरले.