पगाराच्या स्लिपमधले दोनशे रुपये

मंडळी, गेल्या वीकेंडला दांडी झाली. रिलीज होती, रविवारसुद्धा ऑफिसातच गेला. त्याची भरपाई म्हणून आज जरा लांबण लावतोय, चहा घेऊनच बसा.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या पगाराच्या स्लिपपासून करू. पीएफ, टीडीएस वगैरे मोठे मासे सोडले की कोपऱ्यात एक छोटीशी ओळ असते. पीटी, रुपये २००. दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत मात्र तीनशे. मला वाटायचं पेरोल सॉफ्टवेअरमधला बग असणार. नाहीये. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे व्यवसाय कर वर्षाला २५०० रुपयांच्या वर लावता येत नाही. अकरा महिने दोनशे म्हणजे २२००, उरलेले तीनशे फेब्रुवारीत उरकायचे. (ही मर्यादा आधी २५० होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीनं ती दहापट झाली.) पहिल्या नोकरीत एका सीनियरला विचारलं की हे पैसे जातात कुठे? तो म्हणाला, "महापालिका घेत असेल, सोड ना." महापालिका घेत नाही, राज्य सरकार घेतं. आणि १९७५ साली हा कर लावला तो एका अगदी ठरावीक कामासाठी. ते काम म्हणजे रोजगार हमी योजना.

हे मला कळलं चहाच्या टपरीवर. मी माहुलला राहतो. एका बाजूला रिफायनरीच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला खाडी, थंडीत फ्लेमिंगो आणि बाराही महिने वास. आमच्या नाक्यावरचे चहावाले काका मूळचे बीडकडचे. १९७२ च्या दुष्काळात वडिलांबरोबर मुंबईत आले, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. त्याआधी काही महिने गावाजवळच्या दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो यांचं नाव काढलं की आजही तोंड वाकडं करतात. एकदा बोलता बोलता म्हणाले, "धाकटा भाऊ राहिला गावाकडं. त्याला पुढं हमीचं काम मिळालं. आमच्या वेळंला हमी कुठं होती?"

या 'हमी'चा शोध घेताना मी दोन वीकेंड घालवले. आणि वाटलं, हे आपल्याला शाळेत का नाही शिकवलं?

अमेरिकेत २०२१ साली रस्ते, पूल, पाणी यांच्यासाठी मोठा कायदा झाला, आठवतोय? दोन्ही पक्षांनी मिळून केला म्हणून केवढं कौतुक झालं होतं. सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३० मतं पडली. आपल्याकडे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर झाला. विरोधात एकही मत नाही. आणि तो नुसता रस्त्या-पुलांचा नव्हता. गावातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर सरकारनं ते दिलंच पाहिजे, आणि त्या कामातून तलाव, बंधारे, रस्ते उभे राहिले पाहिजेत, असा तो कायदा. खर्चाचा मोठा वाटा शहरांकडून येणार, फायदा मात्र खेड्यांना. असल्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं तरी कसं?

कल्पना होती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातले जुने गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक. १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे सलग अठरा वर्षं, ते विधान परिषदेचे सभापती होते. साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे ही कल्पना मांडली आणि पहिला प्रयोग आपल्याच तासगाव भागात करून घेतला. पागे काँग्रेसचेच, पण सभापतीच्या खुर्चीतला माणूस. मला वाटतं ही बाब फार महत्त्वाची ठरली. विरोधी पक्षाच्या लोकांना योजनेला पाठिंबा देताना आपण काँग्रेसची पालखी उचलतोय असं वाटलं नसावं.

१९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या होत्या. म्हणजे नाईकांना विरोधकांच्या मतांची काडीचीही गरज नव्हती. मग बोलणी कशाला? कारण विरोधक सभागृहात कमी आणि रस्त्यावर जास्त होते. सलग तीन वर्षं पावसानं दगा दिलेला. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आकडा परत वाचा. एवढी माणसं एकत्र खडी फोडायला बसली की त्यांची संघटना होणारच. शेकाप, लाल निशाण, कम्युनिस्ट, समाजवादी सगळे तिथे पोचले. मजुरी वाढवा, वेळेवर द्या, म्हणून संप आणि मोर्चे झाले. इकडे मुंबईत मृणाल गोरे आणि इतर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर. एरवी शहरातला मोर्चा आणि गावाकडचा मोर्चा यांची भाषा वेगळी असते, पण त्या दोन वर्षांत दोन्हीकडचा विषय एकच होता, धान्य.

योजना कागदावर १९७२ मध्येच सुरू झाली होती, दुष्काळी कामांच्या धबडग्यात ती बाजूला पडली. पाऊस आला, दुष्काळी कामं आटोपती घ्यायची वेळ आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की या माणसांचं आता काय? खरी देवाणघेवाण इथून पुढची आहे.

पैशापासून बघू. नोकरदार आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर, विक्रीकरावर अधिभार, मोटार वाहनांवर जादा कर, शहरांतल्या अनिवासी इमारतींवर उपकर. झाला का सगळा बोजा मुंबईवर? थांबा. बागायती जमिनीवरही कर लावला आणि जमीन महसुलावरही वाढ केली. रक्कम तुलनेनं किरकोळ, पण "आम्हीही देतोय" असं ऊसवाल्या आमदाराला म्हणता आलं. आणि या सगळ्या करांतून जेवढे पैसे जमतील तेवढेच सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायचे. एकास एक. स्वतंत्र रोजगार हमी निधी. यातली खुबी लक्षात घ्या. कुठल्याही अर्थमंत्र्याला एखादी योजना मारायची असेल तर तो ती बंद करत नाही, बजेटमध्ये हळूच रक्कम कमी करतो. इथे तसं करायला गेलं तर कायदा आडवा येणार.

आता कुणाला काय मिळालं ते. मजुराला काम आणि बाईला पुरुषाइतकाच दर. डाव्यांना त्यांची जुनी मागणी, काम मागण्याचा कायदेशीर हक्क. शिवाय कंत्राटदाराला बंदी, मजुरी थेट हजेरीपटावर. जमीनवाल्या शेतकऱ्याला पाझर तलाव, नालाबांध, म्हणजे त्याच्या विहिरीला पाणी, तेही दुसऱ्याच्या घामातून. (हा टोमणा माझा नाही. ही योजना म्हणजे जमीनवाल्यांचीच चांदी, अशी टीका अभ्यासकांनी तेव्हाच केली होती, आणि ती बरीचशी खरी आहे.) आणि मुंबईकराला? तो पैसे का देईल? उघड बोलायला जरा अवघड, पण हिशेब सोपा होता. गावात काम मिळालं तर माणसं दादरला उतरणार नाहीत.

आमच्या काकांसारखी माणसं, म्हणजे. मला हे वाचून जरा कसंतरीच झालं. ज्या करामुळे गावाकडचा एक भाऊ तगला, त्यामागे दुसऱ्या भावासारखे लोक इथे येऊ नयेत हाही विचार होता. चांगल्या कायद्याला चांगल्याच हेतूंचे पाठीराखे मिळाले पाहिजेत असा हट्ट धरला असता तर हा कायदा झाला नसता, असं माझं मत.

कायद्याची रचना आपल्या धंद्यातल्या लोकांना पटकन कळेल. चक्क एसएलए आहे! काम मागितल्यापासून १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर पेनल्टी म्हणून बेकारी भत्ता. बॅकलॉगसुद्धा आहे, प्रत्येक तालुक्यात मंजूर कामांची यादी आधीच तयार ठेवायची. किमान ५० मजूर जमले की नवीन काम सुरू. खर्चाच्या किमान ६० टक्के मजुरीवर जायला हवा, म्हणजे सिमेंट आणि मशिनरीच्या नावाखाली पैसे जिरणार नाहीत. याच अटीमुळे कित्येक रस्ते मातीचे झाले आणि पहिल्या पावसात वाहून गेले, ती गोष्ट वेगळी.

आणि पेनल्टी क्लॉज? भत्ता ठेवला दिवसाला किमान एक रुपया. तोही जवळजवळ कुणालाच मिळाला नाही. म्हणजे एसएलए होता पण पेनल्टी इन्व्हॉइसवर कधी आलीच नाही. आपल्या क्लायंटनं असं चालवून घेतलं असतं का? :) (ह. घ्या.) बोगस हजेरीपट, अर्धवट तलाव, दहा मैलांवरचं काम, उशिरा मजुरी, सगळं झालं. पुढे तर करातून जमलेले पैसे पूर्णपणे निधीत वळतेच होत नाहीत, असे ताशेरे महालेखापरीक्षकांनी वारंवार ओढले. सरकार योजना मारू शकत नव्हतं, पण तिचे पैसे वापरू शकत होतं.

तरी ती जगली. कशी, ते तारखांत दिसतं. १९७५ मध्ये नाईक गेले, शंकरराव चव्हाण आले. १९७७ च्या मे महिन्यात वसंतदादा. जुलै १९७८ मध्ये ते सरकार पाडून शरद पवारांनी जनता पक्ष, शेकाप वगैरेंना घेऊन पुलोद सरकार बनवलं. एकमेकांची तोंडं न बघणारे लोक. आणि कायदा प्रत्यक्ष अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी, म्हणजे या पुलोद सरकारच्या काळात! काँग्रेसनं आणलेली योजना जुन्या विरोधकांनी मंत्री म्हणून राबवली. पुन्हा काँग्रेस आली, १९९५ मध्ये युती आली, कायदा तसाच. १९९० मध्ये तिला फळबागांची जोड मिळाली.

२००५ मध्ये संसदेनं देशभरासाठी जो कायदा केला, पुढे मनरेगा म्हणून ओळखला गेलेला, त्याचा मोठा आधार महाराष्ट्राचा हा अनुभव होता. वर्षाला १०० दिवसांची हमी, अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्राचा. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला. दिवस १२५ केले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायला सांगितला. विरोधकांच्या गदारोळात, आवाजी मतदानानं. नवा कायदा चांगला की वाईट यावर इथे भांडण लावत नाही. मला फक्त एवढंच दिसतं की ज्यांनी ४० टक्के द्यायचे त्यातल्या अनेकांशी सौदा झालेलाच नाही. पुढच्या दुष्काळात एखादं राज्य म्हणालं, आमच्याकडे पैसे नाहीत, तर? १९७५ मध्ये आधी कर ठरला होता, हमीचा कायदा मागून आला होता.

असो. परवा हे सगळं काकांना सांगितलं, मोबाइलवर स्लिप उघडून ती दोनशेची ओळही दाखवली. त्यांच्या भावानं पाझर तलावावर माती वाहिली, पुढे रोहयोतनंच मोसंबीची झाडं लावली. काकांनी चष्मा वर करून बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं.

"म्हंजी माझ्या भावाचा पगार मुंबईवाल्यांच्या खिशातनं गेला होय?"

"काही भाग, काका. तेव्हा मी नव्हतो, पण माझ्यासारखेच."

"मंग मी बी दिला असंल की. विक्रीकर म्हणलास ना तू? साबण, चहा-पावडर घेतोच की मी इतकी वर्षं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.