सरसाची चूल का विझली?

फेविकॉल १९५९ साली बाजारात आले. ते बनवणाऱ्या पिडिलाइटची मुख्य कचेरी आज आपल्या अंधेरीत आहे. फेविकॉलपूर्वी सुतार सरस वापरीत. जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला हा सरस भिजवून, मंद आचेवर वितळवून, गरम असतानाच लावावा लागे. सांधा मात्र पक्का बसे. तेव्हा सरस हरला तो कमजोरीमुळे नव्हे, असे आम्हाला वाटते. चूल, दुर्गंधी आणि मुंबईचा दमट पावसाळा यांनी त्याला हरवले.

मैद्याची खळ शाळेत टिकली. पीठ पाण्यात कालवून शिजवले की स्टार्चचे कण फुगतात व चिकटपणा येतो. कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालीत. मोरचूद विषारी! वर्गासाठी आम्ही खळ मोरचुदाविना शिजवतो. आंबली की टाकून देतो.