मुंबईची फियाट टॅक्सी इतकी वर्षे का चालली? एका जुन्या गाडीचा हिशेब

१/
ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त झाली, छायाचित्रे छापून आली, निदान एक गाडी जतन व्हावी अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली. या सगळ्यात एक प्रश्न मात्र मागे पडला. ज्या मोटारीचा मूळ आराखडा इटलीत १९६० च्या दशकातच कालबाह्य ठरला, ती मुंबईच्या चालकाने एकविसाव्या शतकात का चालवली? तिच्यावरील प्रेमापोटी, हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. खरे उत्तर धोरणांत आणि हिशेबात आहे. हा धागा त्याविषयी.

२/
आरंभ करू सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यापासून. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्यात कारखाना उभारला. त्या काळी मुंबईत मोटारी ‘बनत’ नसत, जोडल्या जात. शिवडीत जनरल मोटर्स १९२८ पासून परदेशी सुटे भाग आणून गाड्या जोडत होती. १९५३ मध्ये केंद्र सरकारने धोरण बदलले: ज्यांना येथेच टप्प्याटप्प्याने उत्पादन करायचे असेल त्यांनीच थांबावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मैदानात राहिले मोजके देशी उत्पादक. त्यांपैकी एक वालचंदांचा कारखाना होता.

३/
या कारखान्याचा इटलीच्या फियाटशी करार होता. १९६४ पासून येथे ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, त्यामुळे पुढे सलग बाक. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात हीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग चित्तोडच्या राणीच्या नावावरून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटले. इटलीने ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबवले. कुर्ल्यात ती त्यानंतर जवळजवळ तीन दशके तयार होत राहिली.

४/
हे शक्य झाले, कारण ग्राहकापुढे पर्याय नव्हता. परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते. किती गाड्या बनवायच्या हे परवान्याने ठरे. विक्री व वितरणावर १९५९ चा नियंत्रण आदेश होता आणि किमतींवरही सरकारची नजर असे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा बाजारात वापरलेली पण ताबडतोब मिळणारी गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाई. जिथे जुन्या वस्तूची किंमत घसरतच नाही, तिथे ती टाकून देण्याचा विचार कोण करील? जुनी गाडी सांभाळण्याची सवय भारतीयांच्या स्वभावातून आली असे म्हणतात, पण तिला टंचाईनेही खतपाणी घातले.

५/
डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९९३ मध्ये मोटारउद्योग परवानामुक्त झाला. खासगी मालकांनी फियाट झपाट्याने सोडली. टॅक्सीवाल्यांनी मात्र सोडली नाही. १९९० च्या दशकात मुंबईत साठ हजारांहून अधिक टॅक्सी होत्या आणि त्यांत फियाटचेच राज्य होते. बाजार खुला झाल्यावरही ती टिकली, म्हणजे टंचाई हे एकच कारण नव्हते. टॅक्सीच्या धंद्याचे स्वतःचे गणित होते, आणि ते खासगी मालकाच्या गणिताहून निराळे होते.

६/
या गणितातील पहिली गोष्ट म्हणजे भाडे. टॅक्सीचे भाडे सरकार ठरवते. कालच शोरूममधून निघालेली गाडी असो वा वीस वर्षे घासलेली, साध्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला दादर ते फोर्टचे भाडे सारखेच. गाडीचे वय मीटरला दिसत नाही. दुकानदाराने दुकान नवे केले तर तो दोन पैसे जास्त लावू शकतो. टॅक्सीवाल्याला ती मुभा नव्हती. नव्या गाडीचा खर्च त्याचा, सुख प्रवाशाचे आणि उत्पन्न जवळजवळ तेवढेच.

७/
दुसरी गोष्ट परवान्याची. १९९७ मध्ये मुंबईत नव्या टॅक्सी परवान्यांवर बंदी आली. साहजिकच परवाना हीच खरी मालमत्ता ठरली आणि गाडी त्या मालमत्तेचे निमित्त. परवान्यावर गाडी बदलता येई, पण परवान्यावरून उतरलेल्या जुन्या फियाटला विचारतो कोण? तिचे मोल भंगाराच्या भावाचे. म्हणजे नवीन गाडीसाठी जुनी विकून रक्कम उभी राहत नसे. सारा भार कर्जावर. रस्त्यावर असेतो रोज पैसे मिळवून देणारी वस्तू, उतरताच पत्रा!

८/
तिसरी गोष्ट: गाडी चालवणारा आणि गाडीचा मालक पुष्कळदा एकच माणूस नसे. मालकाला पाळीमागे ठरावीक रक्कम द्यायची, इंधन आपले घालायचे आणि उरेल ते घरी न्यायचे, अशी पद्धत होती. जड स्टिअरिंग, उन्हाळ्यात इंजिनाची धग आणि दुखरी पाठ हे चालकाच्या वाट्याला. गाडी बदलायचा निर्णय मालकाचा. ‘चालक जुन्या गाडीला चिकटून राहिले’ असे म्हणताना हे ध्यानात ठेवावे की अनेकांना निवड करण्याचा अधिकारच नव्हता.

९/
जो स्वतः मालक होता त्याचे काय? त्याच्यासाठी सर्वांत मोलाचा दिवस म्हणजे आरसी बुकावरचा कर्जाचा बोजा उतरण्याचा. त्यानंतरची प्रत्येक फेरी त्याची स्वतःची. क्लच प्लेट गेली, पाटे तुटले, पत्रा सडला, तर त्या त्या महिन्यात थोडा थोडा खर्च येई आणि तो पुढे-मागे ढकलता येई. बँकेचा हप्ता पुढे ढकलता येत नाही. आजारपण वा संप आला, तर जुनी गाडी नुसती उभी राहते. कर्जाची गाडी ओढून नेली जाते. अनिश्चित कमाईच्या माणसाला मोठ्या निश्चित खर्चापेक्षा छोटे अनिश्चित खर्च परवडतात. यात हट्टापेक्षा व्यवहार अधिक आहे.

१०/
हे छोटे खर्च छोटे राहिले, कारण यंत्र साधे होते आणि गाव ओळखीचे. कार्बोरेटर उघडून साफ करायला संगणक लागत नाही. गाडी ज्या शहरात जन्मली त्याच शहरात तिचे सुटे भाग, मेकॅनिक, डेंटिंग-पेंटिंगवाले होते. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात एका मेलेल्या फियाटचे अवयव दहा जिवंत फियाटना पुरत. ज्या वस्तूभोवती एवढी माणसे पोट भरतात, ती सहजासहजी मरत नाही.

११/
याच वृत्तीचा एक मासलेवाईक नमुना म्हणजे बाहेर डाव्या बाजूला बसवलेले यांत्रिक मीटर. भाडेवाढ झाली तरी मीटर जुनेच आकडे दाखवी. चालक खिशातून कोष्टकाचा कागद काढून त्यावरून नवे भाडे सांगे. हजारो यंत्रे बदलण्यापेक्षा एक कागद बदलणे स्वस्त. इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले ते २०१२ पासून, टप्प्याटप्प्याने.

१२/
या सगळ्या काटकसरीची किंमत शहराने धुराच्या रूपाने मोजली, आणि त्या धुरात सर्वाधिक तास बसणारा माणूस चालकच होता. १९९९ मध्ये हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेला, लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याचे आदेश निघाले. डिकीत सिलिंडर आला, सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले. परिणाम मात्र दुहेरी झाला. धूर घटला आणि स्वस्त इंधनामुळे जुनी गाडी चालवणे आणखी परवडू लागले. ज्या उपायाने जुन्या इंजिनाला आवर घातला, त्यानेच त्याचे आयुष्यही वाढवले.

१३/
शेवट हिशेबाने झाला नाही, नियमाने झाला. टॅक्सीसाठी २००८ मध्ये २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. तिची वीस वर्षे २०२३ मध्ये भरली. तोवर बहुतेक परवान्यांवर सँट्रो आणि वॅगन-आर येऊन बसल्या होत्या.

१४/
म्हणून रस्त्यावर जुनी गाडी दिसली की ‘हा माणूस नवीन का घेत नाही?’ एवढ्यावर थांबू नये. तिचे भाडे कोण ठरवतो, परवाना कोणाच्या नावावर आहे, कर्ज कोणत्या अटींवर मिळते आणि दुरुस्ती किती अंतरावर होते, हेही विचारावे. वयोमर्यादा घालणे आवश्यक असू शकते. मुंबईच्या हवेसाठी ते होतेही. पण नियम गाडीचे आयुष्य ठरवतो तेव्हा हप्ता कोणीतरी भरतोच. फियाटच्या आठवणी प्रवाशांकडे राहिल्या. नव्या गाडीचे कर्ज टॅक्सीवाल्याकडे.