तळटीप : डार्टमूरचे तीन शब्द

१२. मूर, मायर, टॉर : आर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी 'स्ट्रँड' मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. हे तीन शब्द तिच्या कथाभूमीचे, म्हणजे इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरचे आहेत. मूर म्हणजे उजाड, वाऱ्याने झोडपलेले पठार. मायर म्हणजे खोल दलदल. टॉर म्हणजे टेकडीच्या माथ्यावर उघडा पडलेला ग्रॅनाइटचा खडक.

इंग्रजी शिकणाऱ्याने हे अर्थ पाठ करत बसू नये. सातव्या प्रकरणात कथेचा निवेदक वॉटसन याच्या डोळ्यांदेखत एक तट्टू दलदलीत रुतून नाहीसे होते. नवव्या प्रकरणात चांदण्यात टॉरवर एक अनोळखी माणूस उभा दिसतो. हे प्रसंग वाचल्यावर मायर आणि टॉर हे दोन्ही शब्द सहसा विसरत नाहीत. रहस्यकथेत कोणता तपशील पुढे दुवा ठरेल हे माहीत नसते, त्यामुळे एरवी गाळला जाणारा अवघड शब्दही वाचक थांबून वाचतो. शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर होम्स सारी हकिगत पुन्हा उलगडून सांगतो, तेव्हा आपोआप उजळणीही होते.

म्हणून पहिल्या वाचनात शब्दकोश मिटलेला ठेवावा. अडलेल्या शब्दाचा अर्थ संदर्भावरून ताडून समासात पेन्सिलीने लिहावा आणि प्रकरण संपल्यावरच कोशात पडताळावा. चुकलेला अंदाज खोडू नये. योग्य अर्थ त्याच्या शेजारीच लिहावा. — संपा.