उपचारसूत्रांचा स्वीकार

संशोधनाच्या आधारे ठरवलेली निदान-उपचाराची सूत्रे डॉक्टरांच्या रोजच्या कामात उतरवण्याचे प्रयत्न. महाराष्ट्रात हा प्रश्न क्षयरोगाच्या संदर्भात ठळकपणे पुढे आला.

मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांच्या 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईतील 100 खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी 80 वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. झरीर उदवाडिया, लँसलॉट पिंटो व उपळेकर यांच्या 2010 च्या पाहणीत 106 पैकी फक्त 6 डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन बरोबर निघाले. सूत्रे छापली आणि वाटली म्हणजे ती पाळली जातात, ही समजूत एवढ्यावरच निकालात निघायला हवी होती.

इतर उपाय थोडेफार लागू पडतात. डॉक्टरांच्या कामाची तपासणी करून त्यांना ती दाखवण्याच्या पद्धतीवर 140 चाचण्यांचा कॉक्रेन आढावा (2012) आहे. त्यात सुधारणेचे मध्यक प्रमाण साधारण 4 टक्के अंकांचे आढळले. औषध कंपन्यांचे एमआर दवाखान्यात येऊन बोलतात, तसे निःपक्ष तज्ज्ञाने येऊन बोलावे, हा मार्गही वापरला जातो. त्याचा परिणामही माफकच.

पवनेकाठच्या काळेवाडीसारख्या कामगारवस्तीत अडचण वेगळीच असते. तपासणीसाठी खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. ‘बेडका तपासून या’ म्हटल्यावर रुग्ण शेजारच्या दवाखान्यात गेला, तर डॉक्टरचेही गिऱ्हाईक जाते. तिथे व्याख्यानापेक्षा मोफत आणि जवळची तपासणी अधिक उपयोगी. मुंबईत 2014 पासून राबवलेल्या खासगी डॉक्टरांच्या प्रकल्पात हेच धोरण होते: तपासणी व औषधांसाठी व्हाउचर, आणि रुग्ण डॉक्टरकडेच राहणार. क्षयरुग्णाची सरकारकडे नोंद 2012 मध्ये सक्तीची झाली. पुढे नोंदीसाठी 500 रुपये आणि उपचारांचा निकाल कळवल्यावर आणखी 500 रुपये मानधन आले. पैशाने नोंदी वाढू शकतात. प्रिस्क्रिप्शन सुधारेलच असे नाही.

सूत्र न पाळणारा प्रत्येक डॉक्टर अडाणी असतो, असेही नाही. सरकारी कार्यक्रमात क्षयाची औषधे आठवड्यातून तीनदा देत, तर बरेच खासगी डॉक्टर ती रोज देत आणि सरकारी पद्धतीवर विश्वास ठेवत नसत. 2017 मध्ये कार्यक्रमानेही रोजचा डोस स्वीकारला.