शुद्धिस्थान आणि मार्टिन ल्यूथर

रोममध्ये लॅटरन प्रासादापाशी अठ्ठावीस संगमरवरी पायऱ्यांचा एक जिना आहे. येशू ख्रिस्ताला ज्या पायऱ्यांवरून पिलाताच्या न्यायासनासमोर नेले त्याच या पायऱ्या, अशी भाविकांची समजूत आहे. हा जिना गुडघ्यांवर चढावयाचा आणि पायरीपायरीवर प्रार्थना म्हणावयाची, असा परिपाठ मध्ययुगापासून चालत आला. इ. स. १५१०-११ च्या हिवाळ्याच्या सुमारास ऑगस्टिनियन संघाचा एक तरुण जर्मन संन्यासी मठाच्या कामासाठी रोमला आला आणि इतर यात्रेकरूंबरोबर तोही हा जिना चढला. स्वतःसाठी नव्हे, तर मरण पावलेल्या आजोबांचा आत्मा शुद्धिस्थानातून सुटावा म्हणून. आईवडील अद्याप हयात आहेत, नाहीतर या पवित्र नगरीत त्यांनाही सोडविता आले असते, अशी हळहळ त्या वेळी वाटल्याचे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. वर पोहोचल्यावर मात्र, हे सारे खरे कशावरून, ही शंका त्याच्या मनाला चाटून गेली. या संन्याशाचे नाव मार्टिन ल्यूथर.

ल्यूथरच्या बंडाची हकीकत सांगताना बहुधा पैशापासून आरंभ केला जातो. पोपला बांधकामासाठी द्रव्य हवे होते, त्यासाठी क्षमापत्रे विकली गेली, एका प्रामाणिक अध्यापकाने त्याविरुद्ध आवाज उठविला, अशी ती कथा आहे. ती खोटी नाही. परंतु विकणाऱ्याच्या लोभाने विक्रीचा उलगडा होतो, खरेदीचा होत नाही. सक्सनीतील शेतकरी, कारागीर आणि विधवा आपल्या गाठीचे पैसे त्या पेटीत का टाकीत होत्या? त्याचे उत्तर त्यांच्या घरातील मृतांपाशी आहे.

मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाला मरणानंतर केवळ स्वर्ग आणि नरक या दोनच वाटा दिसत नव्हत्या. संतांसाठी स्वर्ग होता, पश्चात्तापाविना मेलेल्यांसाठी नरक होता. पण सामान्य माणूस या दोहोंतही बसत नाही. तो पाप करतो, ते पाद्र्यापाशी कबूल करतो, त्याला क्षमाही मिळते. तथापि क्षमा मिळाली तरी त्या पापाबद्दलची शिक्षा भोगावयाची राहते. ती या जन्मात पुरी झाली नाही, तर मरणोत्तर अग्नीत शुद्ध होऊन मगच स्वर्गात प्रवेश मिळावयाचा. या मधल्या ठिकाणाला शुद्धिस्थान म्हणत. मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल फार जुनी. पण तिला निश्चित स्थळ आणि नाव बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाभले, असे जाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने आपल्या १९८१ च्या ग्रंथात मांडले. लियोंच्या १२७४ च्या व फ्लॉरेन्सच्या १४३९ च्या धर्मपरिषदांनी त्या श्रद्धेला अधिकृत मान्यता दिली.

या श्रद्धेचा आधार असा की, जिवंतांना मृतांसाठी काहीतरी करता येते. मिस्सा अर्पण करावी, दानधर्म करावा, उपवास करावा. त्याचे फळ गेलेल्याला पोहोचते. क्लूनीच्या मठात सहस्रकाच्या संधिकाळी ओडिलो या मठाधिपतीने सर्व मृतांच्या स्मरणासाठी २ नोव्हेंबर हा दिवस नेमला आणि तो पुढे पश्चिम ख्रिस्ती जगभर पाळला जाऊ लागला. श्राद्धपक्ष ज्यांच्या घरी पाळला जातो, त्यांना यातील भावना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

क्षमापत्र हा या व्यवस्थेचाच एक फाटा होता. त्याने पापाची क्षमा होत नसे; ती पश्चात्तापानेच व्हावयाची. क्षमापत्राने सूट मिळे ती शिक्षेत. ख्रिस्ताने आणि संतांनी साठविलेल्या पुण्याचा कोष चर्चच्या हाती आहे, त्यातून ही तूट भरून काढावयाची, असा त्यामागील विचार होता. १४७६ मध्ये सिक्स्टस चौथा या पोपने ही सवलत शुद्धिस्थानातील आत्म्यांनाही लागू केली. तेव्हापासून मृत बापाच्या किंवा लेकराच्या नावाने क्षमापत्र घेता येऊ लागले.

१५१७ चा प्रसंग या पार्श्वभूमीवर घडला. ब्रान्डेनबुर्ग घराण्यातील आल्ब्रेख्त हा अवघ्या चोविशीच्या आत बाहेर दोन धर्मप्रांतांचा अधिपती झाला होता आणि त्यावर माइन्झचे आर्चबिशपपदही त्याने मिळविले. त्यासाठी रोमला भरावयाचे शुल्क त्याने आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीकडून २९,००० गुल्डन कर्ज काढून भरले. मग तोड अशी निघाली की, रोममधील संत पेत्राच्या नव्या मंदिरासाठी आल्ब्रेख्तच्या प्रदेशात क्षमापत्रे विकावी, निम्मे उत्पन्न रोमला जावे आणि निम्मे फुग्गरांचे कर्ज फेडण्यास लागावे. योहान टेट्झेल हा डोमिनिकन प्रवचनकार गावोगाव हिंडू लागला. विक्रेत्यांना दिलेल्या सूचनांत दर ठरविलेले होते: राजेराण्यांनी पंचवीस गुल्डन द्यावे, मग पायरीपायरीने कमी, ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने प्रार्थना व उपवास करावा. मृतासाठी क्षमापत्र घेणाऱ्याने मात्र स्वतः पश्चात्ताप केलाच पाहिजे असे नाही, हेही त्या सूचनांत होते. पैसे पुरेसे होते. सर्व प्रकरणात ल्यूथरला अधिक खुपली ती ही अट, किंबहुना अटीचा हा अभाव.

विटेनबर्ग ज्याच्या राज्यात होते त्या सक्सनीच्या फ्रीडरिखने टेट्झेलला आपल्या हद्दीत येऊ दिले नाही. त्याचे कारण धार्मिक नव्हते. त्याने स्वतः विटेनबर्गला संतांच्या अवशेषांचा प्रचंड संग्रह जमविला होता, १५२० पर्यंत त्यांची संख्या १९,००० च्या वर गेली होती, आणि त्यांच्या दर्शनालाही क्षमेची जोड होती. तेव्हा विटेनबर्गचे लोक सरहद्द ओलांडून पलीकडच्या गावांत जात व क्षमापत्रे घेऊन परत येत. त्यांच्या पापांची कबुली ऐकणारा पाद्री ल्यूथर होता.

तोपर्यंत ल्यूथर स्वतः निराळ्या वाटेने एका निष्कर्षाशी आला होता. १५०५ मध्ये वादळात वीज कोसळताच मरणभयाने नवस करून तो मठात शिरला. तेथे त्याने उपवास, जागरणे, तासन्‌तास चाललेले कबुलीजबाब, सारे केले. आपण पुरेसे केले असे त्याला कधीच वाटले नाही. १५१५-१६ मध्ये पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर तो व्याख्याने देत होता. देवाचे न्यायीपण या शब्दाची त्याला धास्ती वाटे, कारण त्याचा अर्थ तो पाप्याला शिक्षा करणारे न्यायीपण असा घेत आला होता. पुढे त्याला उमगले की, पौलाला अभिप्रेत असलेले न्यायीपण देव मागत नाही, तो ते देतो. आणि माणसाने ते केवळ विश्वासाने स्वीकारावयाचे असते. हे त्याला नेमके केव्हा उमगले याविषयी अभ्यासकांत वाद आहे. परिणामाविषयी वाद नाही.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आपली पंच्याण्णव विधाने आल्ब्रेख्तकडे पत्रासोबत पाठविली. ती चर्चच्या दारावर ठोकली की नाही, याविषयी १९६१ पासून इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या विधानांत शुद्धिस्थान नाकारलेले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. उलट त्यांतील एक तिखट प्रश्न शुद्धिस्थान मानूनच विचारलेला आहे: पोपच्या हाती आत्मे सोडविण्याचा अधिकार असेल, तर इमारतीच्या पैशासाठी कशाला, केवळ प्रेमापोटी तो सर्वांनाच का सोडवीत नाही?

पुढचा संघर्ष सर्वज्ञात आहे. १५२१ च्या जानेवारीत ल्यूथरला बहिष्कृत करण्यात आले आणि एप्रिलमध्ये वोर्म्सच्या सभेत त्याने माघार घेण्यास नकार दिला. परंतु विश्वासाने तारण या सिद्धांताचा मृतांशी असलेला संबंध उलगडावयास आणखी काही वर्षे लागली. तारण जर देणगी असेल आणि ती विश्वासाबरोबर पूर्णपणे मिळत असेल, तर शिक्षेची बाकी उरत नाही. बाकी नाही म्हणजे ती फेडण्याची जागा नाही. जागा नाही म्हणजे जिवंतांच्या मिस्सांना पोहोचावयास पत्ताच नाही. भयाचे ओझे गेले, पण त्याबरोबर सेवेचा हक्कही गेला. ल्यूथरला हे जाणवत असावे. १५२८ मध्ये आपल्या श्रद्धेचे निवेदन करताना त्याने, मृतासाठी एकांतात एकदा-दोनदा देवाची करुणा भाकण्यात पाप नाही, तेवढ्यावर थांबावे, असे म्हटले आहे.

१५३० च्या फेब्रुवारीत त्याचे वडील आजारी असल्याचे कळले. ल्यूथरने त्यांना पत्र लिहिले: मरणाचा प्रवास मान्सफेल्डहून विटेनबर्गला येण्याहूनही लहान आहे, घटकाभराच्या झोपेइतका आहे, आणि मग पुन्हा भेट होईल, असा त्याचा आशय होता. मे महिन्याच्या अखेरीस वडील वारले. ल्यूथर त्या वेळी कोबुर्गच्या किल्ल्यात होता. बातमी येताच त्याने स्तोत्रांचे पुस्तक उचलले, खोलीत गेला आणि पुष्कळ रडला, असे त्याच्या सोबत्याने कळविले आहे. आजोबांसाठी अठ्ठावीस पायऱ्या चढलेल्या या नातवाला बापासाठी करण्यासारखे काही उरले नव्हते. त्याच उन्हाळ्यात, त्याच किल्ल्यात बसून त्याने शुद्धिस्थानाच्या कल्पनेचे खंडन करणारी पुस्तिका लिहिली.

१५४२ च्या सप्टेंबरात त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्डालेना त्याच्या बाहूंत मरण पावली. ती सुखात आहे याची खात्री असूनही इतके दुःख व्हावे, याचे त्याला नवल वाटले. मित्राला त्याने लिहिले की, आम्ही उभयतांनी देवाचे आभार मानावयास हवेत, पण रडल्यावाचून ते साधत नाही. त्याच वर्षी निघालेल्या अंत्यविधीच्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत, मृतांसाठीच्या मिस्सा आणि जागरणे आम्ही काढून टाकली, आता थडग्यांपाशी क्षमा, विश्रांती, निद्रा आणि पुनरुत्थान यांचीच गीते गावी, असे त्याने सांगितले.

इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मिस्सा चालविणाऱ्या देणग्या सरकारजमा झाल्या. ट्रेंटच्या परिषदेने त्याच वर्षी तारणाविषयीची कॅथलिक भूमिका मांडली, १५६३ मध्ये शुद्धिस्थान कायम ठेवले, आणि १५६७ मध्ये पायस पाचवा या पोपने पैशाशी जोडलेली क्षमापत्रे रद्द केली. ल्यूथरच्या तक्रारीचा पैशापुरता भाग असा मान्य झाला. मृतांचा प्रश्न तसाच राहिला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी विश्वासाने तारण या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. शुद्धिस्थानाचा वाद त्या घोषणापत्राने मिटलेला नाही. गोव्याच्या आणि वसईच्या कॅथलिक दफनभूमींत २ नोव्हेंबरला थडग्यांवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात आणि गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, जी प्रॉटेस्टंट परंपरा रुजविली, तिच्यात शुद्धिस्थानाला जागा नाही.