दरोगा अब्बास अलींचे लखनऊ

उर्दूत छायाचित्रणाला अक्कासी म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब. पण ते कोणी कोणासाठी धरायचे, हा प्रश्न उरतोच. 1858 मध्ये फेलिस बिआतो लखनऊला आला. सिकंदरबागेच्या अंगणात विखुरलेली हाडे दाखवून त्याने इंग्रजांचा विजय टिपला. वाजिद अली शाह तेव्हा कलकत्त्यात कैदेत होते.

सोळा वर्षांनी, 1874 मध्ये, लखनऊच्याच दरोगा अब्बास अलींनी पन्नास दृश्यांचा अल्बम काढला. हे नगरपालिकेचे अभियंते. मजकूर इंग्रजीत, गिऱ्हाईकही मुख्यतः इंग्रजच. म्हणून वेढ्यात मोडलेली रेसिडेन्सी त्यात मानाने येते. आपल्यातले काही जण याला खुशामत म्हणतील. मला ते पुरेसे वाटत नाही. त्याच अल्बममध्ये मोठा इमामबाडा आहे आणि तो तेव्हा इंग्रज फौजेच्या ताब्यात होता! नवाबी शहराचा बराच भाग सत्तावननंतर पाडून रुंद रस्ते केले गेले होते. जे उरले होते ते दरोगासाहेबांनी नावानिशी नोंदवले.

त्याच सुमारास त्यांनी लखनऊच्या तवायफांचीही छायाचित्रे प्रसिद्ध केली, आणि 1880 मध्ये अवधच्या राजा-तालुकदारांचा जाडजूड अल्बम.